पांढऱ्या काँक्रीटचं सोवळं

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाला काही वर्षांपूर्वी नवा कठडा करायचं ठरलं. मंडळींचं म्हणणं एवढंच की कठडा पांढराशुभ्र हवा, पण रंगवलेला नको. दर दोन वर्षांनी रंगाचा खर्च कोण काढणार? मग ठरलं, व्हाइट सिमेंटमध्येच जाळ्या ओतायच्या. मी सिव्हिलवाला म्हणून मला विचारलं गेलं आणि मीही “होईल की, त्यात काय” म्हणून मोकळा झालो. साचे उघडले त्या दिवशी निम्मा गाव पारावर जमला होता. जाळ्या निघाल्या त्या राखेत लोळून आलेल्या मांजराच्या रंगाच्या. कडेकडेनं तेलाचे पिवळट डाग. आणि पहिला पाऊस होऊन गेल्यावर दोन ठिकाणी गंजाचे तांबूस ठिपके. पुढच्या हनुमान जयंतीच्या आत गुपचूप ऑइल पेंट मारून घेतला.

“सिमेंट तर एक नंबर होतं, साहेब,” मिस्त्री म्हणत राहिला. खरंच होतं. चुकलं होतं ते बाकी सगळं, आणि त्यातलं बरंचसं माझं.

तेव्हापासून पांढऱ्या काँक्रीटचा विषय निघाला की मला आजीचं सोवळं आठवतं. नुसती धाबळी नेसली की सोवळं झालं, असं तिच्या घरी नव्हतं. पाणी कुठलं, भांडं कुठलं, चुलीत काय घातलं, वाटेत कुणाचा पदर लागला, हे सगळं त्यात मोजलं जाई. पांढऱ्या काँक्रीटचं तंतोतंत तसंच आहे. जगातल्या काही प्रार्थनास्थळांमध्ये हे सोवळं कसं पाळलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. पण आधी मुळात सिमेंट करडं का असतं, ते बघू.

चुनखडी आणि माती भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजली की गोट्यांसारखा क्लिंकर तयार होतो. तो दळला की सिमेंट. मातीत लोह असतं, आणि सिमेंटवाल्यांना ते हवंही असतं, कारण लोहामुळे कच्चा माल लवकर वितळतो आणि इंधन वाचतं. साध्या सिमेंटमध्ये आयर्न ऑक्साइड साधारण तीन टक्के असतं. करडेपणाचं मुख्य कारण हेच. थोडा हात मँगनीज आणि क्रोमियमचाही असतो.

पांढऱ्या सिमेंटमध्ये हेच लोह अर्ध्या टक्क्याच्याही खाली ठेवावं लागतं. म्हणून चुनखडी निवडक, आणि मातीच्या जागी चिनी माती, म्हणजे कपबशा बनतात ती. लोह नसल्यामुळे भट्टी आणखी तापवावी लागते, म्हणजे इंधन जास्त. ते इंधनही जपून निवडायचं, कारण कोळशाची राख क्लिंकरमध्ये मिसळली तर केलेलं सगळं पाण्यात. दळताना नेहमीचे पोलादी गोळे वापरले तर त्यांचा कीस सिमेंटमध्ये उतरतो, म्हणून तिथे सिरॅमिकचे किंवा गारगोटीचे गोळे. भट्टीतून बाहेर पडलेला क्लिंकर झटकन थंड करायचा, नाहीतर उरल्यासुरल्या लोहाचा रंग चढतो. एवढ्या उपद्व्यापानंतर जे मिळतं ते महाग असणारच. ताकदीला मात्र ते कुठेही कमी नसतं. आपल्याकडे बाथरूमच्या टाइल्सच्या फटी भरायला एक किलोचा पुडा आणायचा, एवढीच त्याची ओळख असल्यामुळे ते ‘कच्चं’ सिमेंट आहे असा समज आहे. तसं काही नाही. त्यात अख्खा घुमट ओतता येतो.

आता माझी चूक. काँक्रीट म्हणजे सिमेंट नव्हे. सिमेंट हा पाक. लाडू असतो तो वाळूचा आणि खडीचा. काळ्या तिळाच्या लाडवाला कितीही शुभ्र साखरेचा पाक घाला, लाडू काळाच होणार. आपल्या दख्खनची खडी काळ्या बसाल्टची, आणि क्रश सँडही त्याच दगडाची. साच्यातून निघालेल्या ताज्या पृष्ठभागावर खडी दिसत नाही हे खरं, पण वाळूतली ती बारीक काळी भुकटी पाकात मिसळते आणि पांढऱ्याचा राखाडी करते. विश्वास बसत नसेल तर आइस्क्रीमचे दोन रिकामे डबे घ्या. एकात व्हाइट सिमेंट आणि क्रश सँड, दुसऱ्यात व्हाइट सिमेंट आणि संगमरवराची पूड. दोन दिवसांनी उपडे करा. सिमेंट एकाच पुड्यातलं आहे हे सांगूनही कुणाला पटणार नाही.

अर्लीनं साय काढली

हे कोडं सगळ्यात आधी नीट सोडवणाऱ्यांमध्ये जॉन अर्ली हा अमेरिकन कारागीर येतो. आयरिश वंशाच्या, दगड घडवणाऱ्यांच्या घराण्यातला. बापाचा स्टुडिओ त्याच्याकडे आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो दगडावरून काँक्रीटकडे वळला. त्या काळी सुंदर काँक्रीट म्हणजे गुळगुळीत, सिमेंटचा लेप दिलेलं काँक्रीट. अर्लीचं निरीक्षण उलटं होतं. काँक्रीटवर वरच्या बाजूला सिमेंटचा जो पातळ थर येतो, दुधावरच्या सायीसारखा, तोच सगळ्यात दुबळा. त्यालाच केसासारख्या भेगा पडतात, तोच डाग धरतो. मग ती साय काढूनच टाकली तर? खाली असतो दगड. पाऊस, ऊन, धूर झेलायची सवय दगडाला लाखो वर्षांची आहे.

पण साय काढल्यावर खालचा दगड दाट दिसला पाहिजे, आणि नेहमीच्या मिश्रणात तो विरळ दिसतो. का? एका डब्यात बोरं भरा. बोरांच्या फटींमध्ये मोहरी ओता. ती मुकाट्यानं जिरेल, बोरं जागची हलणार नाहीत. मोहरीऐवजी वाटाणे ओतलेत तर मात्र वाटाणे बोरांना ढकलून लांब सारतील. नेहमीच्या काँक्रीटमध्ये बोरांपासून मोहरीपर्यंत सगळ्या आकारांचे दगड असतात. अर्लीनं मधले वाटाणे गाळले. फक्त मोठे खडे आणि एकदम बारीक दाणे. त्यामुळे मोठे खडे एकमेकांना खेटून बसले आणि पृष्ठभागाचा बहुतेक भाग दगडाचाच दिसू लागला. आता रंग ठरवायचा तो खडा निवडून. हवा तो खडा घ्या आणि चित्रकारानं ठिपक्यांनी चित्र रंगवावं तसं काँक्रीट रंगवा.

वॉशिंग्टनमधल्या सेक्रेड हार्ट चर्चचा आतला भाग त्यानं अशाच रंगीत काँक्रीटनं सजवला. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, तिचं बाहेरचं काँक्रीटही त्याचंच. पण ज्या कामासाठी त्याचं नाव राहिलं ते शिकागोच्या शेजारी, मिशिगन सरोवराच्या काठी विल्मेटला आहे. तिथलं बहाई या धर्माचं उपासना मंदिर.

या मंदिराची गोष्ट शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका बाईपासून सुरू होते. नेटी टोबिन तिचं नाव. मंदिराच्या वर्गणीत टाकायला पैसे नव्हते, म्हणून तिनं एका बांधकामावरून टाकाऊ म्हणून बाजूला काढलेला दगड मागून आणला आणि कसाबसा ओढत जागेवर पोचवला. १ मे १९१२ रोजी बहाई धर्माचे तेव्हाचे प्रमुख अब्दुल-बहा यांनी कोनशिला बसवली ती तोच दगड वापरून. मंदिराचं लोकार्पण झालं २ मे १९५३ला. मध्ये एकेचाळीस वर्षं गेली. बहाई मंदिरासाठी बहाई नसलेल्यांकडून पैसा घेत नाहीत, आणि मधल्या काळात महामंदीही येऊन गेली. त्यामुळे काम पैशाच्या चालीनं चाललं.

वास्तुकार लुई बुर्ज्वा. त्यानं काढलेलं डिझाइन बघितलं तर कुठल्याही कंत्राटदाराला घाम फुटावा: नऊ बाजू, वर घुमट, आणि सगळा पृष्ठभाग लेससारखा, आरपार जाळीदार. वेली, वर्तुळं, तारे एकमेकांत गुंतलेले. हे दगडात कोरायचं तर खर्च कुणाच्याच आवाक्यातला नव्हता. बुर्ज्वा १९३०मध्ये वारला. पोलाद आणि काचेचा सांगाडा उभा होता, अंगावर नक्षी नव्हती. ती चढवायचं काम अर्लीच्या स्टुडिओकडे आलं.

काम कसं चाले? बुर्ज्वानं नक्षीची पूर्ण आकाराची चित्रं काढून ठेवली होती. त्यावरून शाडूसारख्या मातीत नमुना घडवायचा. त्यावरून प्लास्टरचा साचा. साच्यात सळ्यांची जाळी ठेवून माल भरायचा: व्हाइट सिमेंट, पांढरी गार, म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्यात थोडी पारदर्शक स्फटिकासारखी गार. आता खरी कसरत. साचा लवकर उघडला तर नक्षी ढासळणार, उशीर केला तर सिमेंट दगडाला असं चिकटणार की निघता निघणार नाही. अधल्यामधल्या त्या थोड्या तासांत, माल धरलेला आहे पण घट्ट झालेला नाही अशा वेळी, तुकडा बाहेर काढायचा आणि तारेच्या ब्रशनं वरची साय घासायची. खालून गारेचे खडे उघडे पडू लागतात. मग सौम्य आम्लानं धुवायचं. आपल्याकडे पूर्वी वॉश्ड ग्रिटचं प्लास्टर करायचे, ते आठवा. जात तीच, फक्त इथे वेलबुट्टीच्या प्रत्येक खाचेत ब्रश पोचवायचा.

हे तुकडे व्हर्जिनियातल्या रॉसलिनच्या कारखान्यात तयार होत आणि तिथून रेल्वेनं विल्मेटला जात. मंदिराला बाजू नऊ आणि नऊही सारख्या, त्यामुळे साचा एकदा केला की नग नऊ. खर्चाचं गणित जमलं ते तिथे. दगडात नऊ वेळा कोरावं लागलं असतं, इथे एकदाच घडवायचं.

पारदर्शक गार घालायचं कारण मला फार आवडतं. नुसत्या पांढऱ्या गारेचं काँक्रीट खडूसारखं निर्जीव दिसतं. त्यात थोडे पारदर्शक कण असले की ऊन आत शिरून फिरून बाहेर येतं आणि पांढऱ्याला जीव येतो. साखर आणि खडीसाखर एकत्र ठेवून बघा, म्हणजे लक्षात येईल. घुमटाला बाहेरून हे जाळीदार काँक्रीट आणि आत काच आहे. दिवसा उजेड जाळीतून आत झिरपतो, रात्री आतले दिवे बाहेर झिरपतात.

बाहेरच्या खांबांवर वेगवेगळ्या धर्मांची चिन्हं एकावर एक ओतली आहेत: क्रूस, डेव्हिडचा तारा, चंद्र-तारा, आणि आपलं स्वस्तिकही. बाहेरचं नक्षीकाम १९४३ पर्यंत पूर्ण झालं. ऐन महायुद्धात, स्वस्तिकाचं नाव जगभर काळवंडलेलं असताना, शिकागोच्या उपनगरात ते पांढऱ्या गारेत शांतपणे उभं राहिलं. शिकागोत कुणी नातेवाईक असतील तर ते तुम्हाला तिथे नेतीलच. घुमटाचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही त्या खांबांजवळ जा, नाक जवळजवळ टेकवून बघा. खडे दिसतील.

दिल्लीतलं कमळ

बहाई मंदिरांना बाजू नऊ असतात, आत मूर्ती, चित्र, व्यासपीठ काही नसतं, आणि दार सर्वांना उघडं असतं. सोवळं आहे ते फक्त सिमेंटला.

दिल्लीचं कमळ मंदिर सहलीला गेलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. वास्तुकार फरिबोर्झ साहबा, इराणी. रचनेचं गणित लंडनच्या फ्लिंट अँड नील यांचं, बांधकाम लार्सन अँड टुब्रोच्या ईसीसी विभागाचं. डिसेंबर १९८६मध्ये लोकार्पण झालं आणि १ जानेवारी १९८७ला दारं लोकांसाठी उघडली. पाकळ्या २७: प्रवेशाच्या नऊ, बाहेरच्या नऊ, आतल्या नऊ. बाहेरून जे पांढरं दिसतं ते काँक्रीट नाही, ग्रीसच्या पेंटेली डोंगराचा संगमरवर आहे. अथेन्सचं पार्थेनॉन ज्या डोंगराच्या दगडाचं, तोच डोंगर. बहुतेक लोक एवढंच ऐकून समाधानानं बाहेर पडतात. पण पाकळी ही मुळात पांढऱ्या काँक्रीटची आहे, संगमरवर हा तिचा अंगरखा. आणि आत गेल्यावर मान वर करून जे दिसतं, तिथे हे काँक्रीट उघडंच आहे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळेत होतो आणि आत बोलायचं नाही एवढंच लक्षात राहिलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आमच्या जाळ्यांचा प्रताप होऊन गेला होता. त्यामुळे सगळे डोळे मिटून बसले असताना मी छताकडे बघत होतो. जमिनीवरून गुळगुळीत वाटणारं ते छत खरं तर खरबरीत आहे. साचा काढल्यावर त्यावर बुश हॅमरनं टिचून घेतलं आहे. बुश हॅमर म्हणजे दातेरी तोंडाचा हातोडा; पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया पूर्वी दारावर यायच्या ना, “पाट्याला टाकीऽऽ” म्हणत, त्यांच्यासारखंच काम. टिचल्यानं वरची साय उडते आणि खालचा दगड उघडा पडतो. अर्लीनं ब्रशनं केलं तेच, फक्त वाळल्यानंतर आणि हातोड्यानं. शिवाय खरबरीत पृष्ठभागावर उजेड पसरतो, चकाकत नाही, आणि साच्याच्या बारीकसारीक खुणा मिटतात.

पण टिचलं म्हणजे आत काय आहे ते सगळ्यांना दिसणार. तिथून सोवळं सुरू झालं. सिमेंट कोरियाहून आणलं. खडी अलवरच्या डोलोमाइटची, पांढरी. वाळू जयपूरकडची, सिलिकाची. लोखंडी सळ्या तर हव्यातच, पण त्या गंजल्या की पांढऱ्यावर तांबडे ओघळ येणार, म्हणून पांढऱ्या काँक्रीटमधली प्रत्येक सळई गॅल्व्हनाइज केलेली, अगदी बांधायच्या तारेसकट. नेहमीच्या स्लॅबमध्ये सळई फळीला टेकू नये म्हणून आपण खाली सिमेंटच्या छोट्या चकत्या ठेवतो, कव्हर ब्लॉक. इथे त्या चालल्या नसत्या. टिचल्यावर प्रत्येक चकती ठिगळासारखी दिसली असती. म्हणून सळ्यांचे दोन थर एकमेकांपासून धरून ठेवणारे खास स्पेसर बनवले, फळीला काहीच टेकणार नाही असे.

मग सांधा. आपल्याकडे आज अर्धा स्लॅब टाकला, उद्या उरलेला, तर मध्ये एक रेघ राहते. प्लास्टरखाली ती झाकते. इथे प्लास्टरच नाही, म्हणून ओतकाम थांबवायचंच नाही, एकेक टप्पा सलग साधारण ४८ तास चालवायचा. आणि तेही दिल्लीच्या उन्हाळ्यात. हवा ४५ अंशांपर्यंत, आणि काँक्रीट मात्र ३० अंशांच्या वर जाता कामा नये, नाहीतर ते चटकन आवळतं आणि तडकतं. खडी आधीच गार करून ठेवली, पाण्याच्या जागी मोजून बर्फ घातला. पाकळ्या काही जाडजूड नाहीत: आतल्यांची जाडी २०० मिलिमीटर, बाहेरच्यांची १३३. आतल्या पाकळ्या ३४ मीटरवर गेलेल्या, आणि वळण असं की कुठेही सरळ रेघ नाही.

हे सगळं वर नेलं कुणी? पराती आणि घमेली डोक्यावर घेऊन परांचीच्या उतरणीवर चढणाऱ्या बायांनी. एका खेपेला साधारण २२ किलो. इंग्लंडमध्ये मांडलेलं गणित, कोरियाचं सिमेंट, ग्रीसचा दगड, आणि शेवटी डोक्यावरचं घमेलं. कमळाची माहिती सांगणारे या बायांबद्दल फारसं बोलत नाहीत, याचं मला नवल वाटतं. ४८ तास माल न थांबता आला म्हणून छताला रेघ नाही. तो आणणारी रांग त्यांची होती.

कोरियाहून सिमेंट का, हा प्रश्न तिथे मला पडला होता. केरळात कोट्टायमला वेंबनाड सरोवराच्या शिंपल्यांपासून पांढरं सिमेंट बनत असे. पण राजस्थानातले गोटन आणि खारिया खंगारचे मोठे कारखाने ऐंशीच्या दशकात पुढेमागे उभे राहिले, कमळाचं काम तर १९८०लाच सुरू झालं होतं. आज तुमच्या बाथरूममधला पुडा बहुधा त्याच जोधपूर-नागौर पट्ट्यातला असतो.

रोमची शिडं

तिसरं उदाहरण थोडक्यात. रोमच्या पूर्वेला तोर त्रे तेस्ते नावाची साधी कामगार वस्ती आहे. तिथे रिचर्ड मायर या अमेरिकन वास्तुकारानं बांधलेलं चर्च २००३मध्ये उघडलं. शिडांसारख्या तीन प्रचंड वक्र भिंती, सगळ्यात उंच साधारण २६ मीटर. कारखान्यात ओतलेले अडीचशेच्या वर ठोकळे, एकेक सुमारे बारा टनांचा, एकावर एक रचून आतून ताणलेल्या तारांनी आवळले आहेत. खडी करारा संगमरवराची. मायरला पांढऱ्याचं वेड आहे, आणि शहराचा धूर हा पांढऱ्याचा शत्रू. म्हणून इटालचेमेंती या कंपनीनं सिमेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घातलं.

हे तेच पांढरं द्रव्य जे रंगात आणि टूथपेस्टमध्ये असतं, पण इथे त्याचं काम वेगळं. ऊन पडलं की त्यातली अतिनील किरणं या कणांना चेतवतात. कण हवेतल्या पाण्याच्या आणि ऑक्सिजनच्या मदतीनं अतिशय आक्रमक रेणू तयार करतात. धुराची काजळी, तेलकट थर, शेवाळाचे सेंद्रिय अंश, जे काही पृष्ठभागावर चिकटलेलं असेल ते हे रेणू हळूहळू जाळून टाकतात. टायटॅनियम स्वतः खर्ची पडत नाही; कामगाराला रोज ऊन मिळालं की तो रोज कामावर हजर. मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइडही काही प्रमाणात त्यातून नायट्रेट होतात आणि पावसानं धुऊन जातात.

‘स्वतःला साफ करणारं काँक्रीट’ म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि इथे मी जरा हात आखडता घेईन. ऊन नसेल तर हे काम होत नाही, म्हणजे सावलीतल्या बाजूला फायदा कमी. आणि ते जाळतं फक्त सेंद्रिय मळ. तांबडी माती, रस्त्याची धूळ, गंजाचा ओघळ, यांना ते हातही लावत नाही. आपल्याकडच्या मळात धूळ किती आणि काजळी किती, हे कुठल्याही बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरवून बघावं.

आपल्या देवळापुरतं

आपल्याकडे हल्ली देवळांना जाळ्या, महिरपी, कळसाभोवतीची नक्षी तयार मिळते ती बहुतेक जीआरसीची असते. म्हणजे व्हाइट सिमेंट, बारीक पांढरी वाळू आणि काचेचे तंतू. सळई नाहीच, त्यामुळे जाडी जेमतेम दहा-पंधरा मिलिमीटर आणि गंजाचा प्रश्न मिटला. फक्त तंतू सिमेंटचा क्षार सोसणारे, खास काचेचे हवेत. साधी काच सिमेंट काही वर्षांत खाऊन टाकतं. विकत घेताना एवढं तरी विचारावं. आणि जाळी हलकी असली तरी ती भिंतीला ज्या बोल्टनं लावणार तो स्टेनलेस स्टीलचा आहे ना, हेही. नाहीतर गंज त्या वाटेनं येतोच.

जागेवरच ओतायचं असेल तर आमच्या जाळ्यांचं शवविच्छेदन उपयोगी पडेल. पिवळे डाग होते जळक्या ऑइलचे. गॅरेजमधलं वापरलेलं काळं तेल साच्याला फासायची आपली सवय. पांढऱ्याला ते चालत नाही, रंगहीन तेलच लागतं, तेही पुसून घेतलेलं. तांबूस ठिपके होते बांधायच्या तारेच्या कापलेल्या टोकांचे. सळ्या बांधताना ती साच्यात पडतात, तळाला जातात, आणि साचा उघडल्यावर नेमकी दर्शनी बाजूला येतात. एका जाळीवर मळकट तपकिरी छटा होती, तिचं कारण मला महिनाभरानं उमगलं. पाणी मारल्यावर ओल टिकावी म्हणून आम्ही ओलं गोणपाट टाकलं होतं, आणि तागाचा रंग उतरला होता. प्लॅस्टिकचा कागद टाकायला हवा होता. पाण्याचं प्रमाणही दर घाणीला वेगळं पडलं. माल घट्ट वाटला की बिगारी त्यात अर्धा तांब्या वाढवतो. करड्या काँक्रीटमध्ये ते लपतं, पांढऱ्यात दोन जाळ्यांत दोन छटा येतात. उरला तो पांढरा लोणा, जो पहिल्या काही पावसांत भिंतीवर फुटतो. त्याची फार चिंता करू नये, तो बराचसा धुऊन जातो.

आणि काळे ओघळ. कोकणात तर पांढऱ्या कठड्यावर दोन पावसाळ्यांत वरून खाली काळ्या मिशा आलेल्या दिसतात. हे सिमेंटचं पाप नाही, पाण्याच्या वाटेचं आहे. कठड्याच्या माथ्यावर साचलेली धूळ पाण्याबरोबर उतरते, ओल राहते, त्यावर शेवाळ धरतं. माथ्याला आतल्या बाजूला उतार द्यावा आणि बाहेर आलेल्या कडेच्या पोटाला बोटाएवढी खाच ठेवावी, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो, भिंतीवर येत नाही. टायटॅनियमच्या तुलनेत ही खाच फुकट आहे.

यंदा देवळाच्या मंडळींनी दीपमाळेभोवतीच्या ओट्याचा विषय काढला आणि पुन्हा माझ्याकडे आले, हे त्यांचं मोठेपण. या वेळी मी “होईल की” म्हटलं नाही. राजस्थानच्या पांढऱ्या संगमरवराची चुरी आणि थोडी गार आणवली, हात-हातभर लांबीचे तीन नमुने ओतले. एक साच्यातून निघाला तसा ठेवला, एक दुसऱ्या दिवशी सकाळी तारेच्या ब्रशनं घासला, एक महिन्याभरानं मिस्त्रीनं टाकीनं टिचला. तिन्ही देवळाच्या पश्चिमेला, जिथे पाऊस थेट झोडपतो, तिथे भिंतीला टेकवून ठेवलेत. गुळगुळीत नमुन्याला ऑगस्टमध्येच खालच्या कडेला हिरवट छटा आली आणि वर केसासारख्या दोन भेगा दिसायला लागल्या. घासलेला अजून जसाच्या तसा आहे. टिचलेल्यावर पोरं नारळ आपटतात, त्यामुळे त्याचा निकाल राखून ठेवला आहे.